महाजनबाबूंचं क्रियापद

महाजनबाबू कुठलाही सरकारी कागद शेवटाकडून वाचायचे. आपण कसं करतो, वरून सुरुवात करतो, आपलं नाव कुठे आहे ते शोधतो, आणि नाव दिसलं की जीव भांड्यात पडतो. बाबू नावाकडे पाहायचेच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद नाकाला लागेल इतका जवळ घ्यायचे, आणि उजव्या हाताचं बोट खालच्या ओळीवरून हळूहळू वर चढवत एका ठिकाणी थांबवायचे. "हं. हे क्रियापद," असं म्हणायचे. मग कागद घेऊन आलेल्याला विचारायचे, "याच्यात तुला नॉमिनेट केलंय की अपॉइंट?"

आता तो माणूस काय सांगणार? कोणी केळीच्या मळ्यातून आलेला, कोणी कापडाच्या लूमवरून. तो म्हणायचा, "बाबू, ते मला कळलं असतं तर तुमच्या ओट्यावर कशाला आलो असतो?"

"तेच सांगतो, नीट ऐक. नॉमिनेट म्हणजे बोट दाखवलं. हा माणूस चालेल, असं कोणीतरी कोणालातरी म्हटलं. अपॉइंट म्हणजे खुर्चीवर बसवलं. बोट दाखवलेला माणूस अजून उभाच असतो. तू उभा आहेस. पेढे घेऊ नकोस."

लोक हिरमुसायचे. काही रागवायचेसुद्धा. पण पुढचा कागद आला की परत त्यांच्याकडेच यायचे, कारण बाबूंनी सांगितलं ते कधी खोटं निघालं नाही.

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात, लालबागला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. माझे मालक आणि बाबू, दोघंही कागदाच्या मिलमध्ये. मालक मशीनवर, बाबू ऑफिसात, माणसांच्या नोकरीचे कागद जिथे बनतात त्या खात्यात. सकाळच्या गाडीनं दोघं सोबत जायचे, संध्याकाळी सोबत यायचे. स्टेशन आमच्याकडून पायी जाण्याइतकं. मालक गेले, मग मिलही थकत गेली, बाबू रिटायर झाले, आणि मी आणि ते असे दोघं म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना उरलो. बाबू गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. त्यांची सून सुनंदा आजही माझ्या शेजारीच राहते. तिच्या नोकरीचा आदेश अजून आलेला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बाबूंची गोष्ट सांगायची म्हणजे त्या आदेशाचीच सांगावी लागते. शेवटची पाच वर्षं त्या माणसानं दुसऱ्या कशाचाच विचार केला नाही.

उंच, वाळलेले, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात दोन पेन. एक निळा, एक लाल. लाल पेन घरातही चालायचा. दूधवाल्याच्या कार्डावर, लग्नपत्रिकेवर, नातीच्या शाळेच्या डायरीवर. एकदा माझ्या भावाच्या वर्षश्राद्धाची छापील पत्रिका आली, त्यातसुद्धा त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली, आणि मग खजील होऊन म्हणाले, "वहिनी, माफ करा, हात गेला." मी हसले. काय करणार? माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला शिकले ते किराणा बांधून यायचा त्या रद्दीवरून, आणि लिहायला शिकले ते बाबूंच्या लाल पेनाच्या धाकानं. मी काही लिहिलं की भिंतीवरून त्यांच्याकडे द्यायची. ते कधी छान आहे म्हणाले नाहीत. "हे वाक्य कोण करतंय ते सापडत नाही," असं म्हणून परत द्यायचे.

"बहुतेक" हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. पाऊस येईल का विचारलं तर म्हणायचे, "आला की सांगतो."

हा नॉमिनेट-अपॉइंटचा नाद त्यांना लागला कुठून, ते त्यांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, मला सांगितलं होतं. मिलमध्ये त्यांच्या खात्याचे मोठे साहेब रिटायर झाले तेव्हा त्या जागेसाठी बाबूंचं नाव वर गेलं. वर म्हणजे कुठे, ते देवाला ठाऊक. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, झालंच. त्यांनी हार आणला. बाबूंनी हार गळ्यात पडू दिला नाही, हातात घेतला आणि म्हणाले, "मी नॉमिनेट झालोय. अपॉइंट झालो की घाला." मग काय, साहेबांचं सगळं काम बाबू करायचे, सह्यांचे कागद तयार करायचे, पण त्या खुर्चीवर बसायचे नाहीत. तिच्या शेजारी आपलं टेबल लावून बसायचे. भेटायला आलेला माणूस रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायचा आणि बाबूंशी बोलायचा. सहा वर्षं. आदेश आलाच नाही. रिटायर झाले तेव्हा कागदावर होते ते कारकूनच.

कमलवहिनींची जीभ तिखट. "आमचे साहेब" म्हणूनच हाक मारायच्या. बाबू ताटावर बसले आणि भाकरीला उशीर झाला की आतून आवाज यायचा, "जेवण नॉमिनेट झालंय हो! अपॉइंट व्हायला वेळ आहे अजून!" मी इकडे भिंतीपलीकडे पोट धरून हसायची. बाबूही हसायचे. पण एकदा वहिनी माझ्याजवळ वेगळं बोलल्या. म्हणाल्या, "एक दिवस बसले असते त्या खुर्चीवर तर काय झालं असतं गं? कोणी उठवायला येणार होतं का? मला एक दिवस साहेबीण होऊ द्यायचं होतं." त्या गेल्या तेव्हा हे मी बाबूंना सांगितलं नाही. सांगून काय मिळालं असतं?

मग राजू गेला. बाबूंचा एकुलता एक. सरकारी नोकरीत होता, बाबूच झाला होता तोही. मोटरसायकलवरून खंडव्याकडून येत होता. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. सुनंदा तीस-एकतीसची, मुलगी तेव्हा पहिलीत.

सरकारात असा नियम आहे की नोकरीवर असताना माणूस गेला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी देतात. अनुकंपा नियुक्ती म्हणतात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबूंनी लाकडी पेटीतून कोरे कागद काढले आणि सुनंदाचा अर्ज लिहायला बसले. लोक कुजबुजले, काय माणूस आहे, मुलाची राख थंड झाली नाही. मी मात्र भिंतीवरून पाहत होते. एकेक ओळ लिहायचे, थांबायचे, डोळे पुसायचे, परत लिहायचे. त्या अर्जावर एकही लाल खूण करावी लागली नाही.

तेव्हापासून वाट पाहणं सुरू झालं. सुनंदा एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवायची. सकाळी डबा करून जायची, दुपारी यायची. शाळेच्या मॅडम कडक होत्या, पण जागा होती, घर चालत होतं. आणि दर मंगळवारी बाबू बगलेत फाइल घेऊन रिक्षानं शनवारा दरवाज्याच्या पुढे, त्या खात्याच्या ऑफिसात जायचे.

एकदा माझं बँकेत काम होतं म्हणून मी त्यांच्यासोबत गेले. तिथला बाबू तरुण होता, चांगला होता. यांना पाहिलं की उठून खुर्ची द्यायचा.

"दादाजी, हो जाएगा. टेन्शन मत लो. नाम तो ऊपर चला गया ना."

"नाम गया है," बाबू म्हणाले, "बहू इधरच है."

तो हसला. मग त्यानं ड्रॉवरमधून एक कागद काढला, "दादाजी, ये जरा देख दो ना, भोपाल से अंग्रेजी में आया है." आणि बाबूंनी लाल पेन काढला. अर्धा तास बसून त्याला उत्तर लिहून दिलं. मी बाहेर आल्यावर चिडले. म्हटलं, "बाबू, आपलं काम ते करत नाहीत आणि तुम्ही त्यांचं करून राहिले?" ते म्हणाले, "वहिनी, त्यानं कागद चुकीचा लिहिला असता. मग दुसऱ्या कोणाचं काम अडलं असतं."

याच काळात आमच्या चौकात एक बॅनर लागला होता. एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली हिंदीत, अमुक समितीवर "नामांकित होने पर हार्दिक बधाई." आता आपल्या मराठीत नामांकित म्हणजे प्रसिद्ध, नाव कमावलेला. हिंदीत मात्र नामांकित म्हणजे नॉमिनेट झालेला, नाव सुचवलेला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मराठी बायकांना वाटलं, हा मोठा नामांकित माणूस झाला. मलाही तसंच वाटलं. बाबू बॅनरखाली उभे राहून म्हणाले, "वहिनी, आपण या राज्यात राहतो म्हणून सांगतो. मराठीतला नामांकित पोचलेला असतो. हिंदीतला अजून निघालेलासुद्धा नसतो." रिक्षावाले थांबून पाहत होते, हा म्हातारा बॅनरकडे बोट करून काय बोलतोय म्हणून.

आणि मग तो दिवस आला.

फाल्गुनातली दुपार. उन्हाचा चटका लागायला सुरुवात झाली होती. पोस्टमननं पाकीट दिलं ते सुनंदाच्या हातात. मला आधी तिची किंकाळीच ऐकू आली. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. ती ओट्यावर उभी होती, कागद छातीशी धरून, हसत होती आणि रडत होती. "मावशी, आलं! नियुक्ती आली!" कागदाच्या वरच्या बाजूला, विषयाच्या ओळीत, ठळक अक्षरात छापलं होतं, "अनुकंपा नियुक्ति." मीही वाचलं. मलाही तेवढंच दिसलं. तिची आई रावेरहून आलेली होती, तिनं चष्मा लावून खालची ओळ वाचली आणि म्हणाली, "अगं, नामांकित लिहिलंय! माझी लेक नामांकित झाली बाई!"

तो शब्द ऐकूनही माझ्या डोक्यात काही हललं नाही, हे मी आजही स्वतःला माफ करत नाही. चार दिवसांपूर्वीच तर बॅनरखाली उभी होते. पण मला त्या पोरीचा चेहरा दिसत होता. राजू गेल्यापासून पाच वर्षं मी तिला दात दिसतील असं हसताना पाहिलं नव्हतं.

बाबू आत पडले होते. सुनंदा कागद घेऊन आत धावली. "मामा! मामा, उठा!" सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मी दारात उभी होते. बाबू उठून बसले, चष्मा कपाळावर गेला, कागद नाकाशी गेला. बोट खालून वर निघालं. आणि थांबलं. मी ते बोट थांबलेलं पाहिलं. थोडा वेळ थांबलेलंच राहिलं.

तोपर्यंत सुनंदाची आई कोपऱ्यावरच्या दुकानातून दराबा घेऊन आली. आमच्या बुऱ्हाणपुराची ही मिठाई, रवा आणि तूप फेटून फेटून इतकी हलकी करतात की तोंडात ठेवली की विरघळते. सुनंदानं एक चमचा भरला आणि लहान मुलाला भरवतात तसा सासऱ्यांच्या तोंडासमोर धरला.

"मामा, तोंड उघडा. तुमच्यामुळे झालं हे सगळं. तुमच्या अर्जामुळे."

बाबूंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. एवढंच. कागदाची नीट घडी केली आणि उशाखाली ठेवला.

मी घरी आले तेव्हा मनात कुठेतरी खुटखुटत होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला पाहत होते. आज त्यांनी क्रियापद सांगितलं नव्हतं. पण मी म्हटलं, आनंदात विसरले असतील. माणूसच आहे.

संध्याकाळभर त्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. नात अंगणात उड्या मारत होती. सुनंदानं पुरणपोळीचा घाट घातला, मला बोलावलं, शेजारच्या चार बायकांना बोलावलं. बाबू पलंगावर बसून सगळ्यांकडे पाहत होते. कोणी काही बोललं की मान हलवत होते. मला एकदा वाटलं, ते काहीतरी बोलणार आहेत. तोंड उघडलंही. तेवढ्यात सुनंदा नातीला म्हणाली, "आता तुला मोठ्या शाळेत घालू बरं का," आणि बाबूंनी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर पाणी भरत होते. भिंतीपलीकडून बाबूंचा आवाज आला. चहाचा वेळ होता.

"सुनंदा, बस जरा. त्या कागदात तुला अपॉइंट केलेलं नाही. नॉमिनेट केलंय. तुझं नाव यादीत घेतलंय. आदेश वेगळा निघेल, असं शेवटच्या ओळीत आहे. कधी निघेल ते लिहिलेलं नाही."

माझी बादली भरून वाहत होती, मी नळ बंद केला नाही.

"पण मी तर कालच मॅडमना मोबाइलवर कळवलं," सुनंदा म्हणाली. "राजीनामा दिला मी. त्या म्हणाल्या बरं झालं, माझ्या भाचीला उद्यापासूनच लावते." मग थांबून तिनं विचारलं, "मामा, तुम्हाला हे कधी कळलं?"

आता इथे बाबू खोटं बोलू शकले असते. आज सकाळी परत वाचलं तेव्हा कळलं, असं म्हणाले असते तर कोण विचारायला येणार होतं? मी मनात म्हणत होते, म्हणा बाबू, तेवढं म्हणा.

"काल," बाबू म्हणाले. "वाचलं तेव्हाच."

"आणि तुम्ही दराबा खाल्ला?"

"तू हसत होतीस," बाबू म्हणाले. "मला वाटलं, एक संध्याकाळ हसू दे. सकाळी सांगू."

पेला जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, बस.

शाळेत ती धावत गेली, पण भाची वर्गात उभी होती. मॅडम म्हणाल्या, "अब तो आप सरकारी हो गई, मैडम." टोमणा होता की खरंच तसं वाटत होतं, कोण जाणे. दुसऱ्या शाळांत वर्ष संपत आलं होतं, कोणी घेईना. मग ती घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. दिवसभर चरखा फिरायचा. ज्या बोटांनी ती मुलांना अक्षरं गिरवून द्यायची त्यांना सूत कापायचं, ती चिंध्या बांधायची आणि परत भरायची.

बाबूंशी ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. वेळेवर ताट, वेळेवर गोळ्या, आंघोळीचं पाणी. पण बोलणं नाही. "मामा" ही हाकच त्या घरातून गेली. नातीला सांगायची, "आजोबांना म्हणावं जेवण वाढलंय." आजोबा तिथेच दोन हातांवर बसलेले. मी एकदा तिला म्हटलं, "बाई, पाच वर्षं तो माणूस तुझ्यासाठी झिजला. एका संध्याकाळसाठी इतकं धरून बसशील?" ती चरखा न थांबवता म्हणाली, "मावशी, सगळ्या गावाला ते सांगायचे. अनोळखी माणसालासुद्धा. मलाच नाही सांगितलं."

बाबूंनी त्या दिवसापासून लोकांचे कागद वाचणं बंद केलं. कोणी आलं की म्हणायचे, "डोळे गेले माझे. दुसऱ्याकडून वाचून घे." डोळे गेले नव्हते. मंगळवारची फेरी तेवढी चालू होती, आता मंगळवारी आणि शुक्रवारी. उन्हात जायचे, उन्हात यायचे. आल्यावर भिंतीपाशी उभे राहून मला सांगायचे, कारण घरात सांगायला कोणी नव्हतं. "वहिनी, फाइल आता दुसऱ्या टेबलावर गेली." दुसऱ्या खेपेला, "वहिनी, साहेब बदलले. नव्या साहेबांना अजून फाइल दाखवलेली नाही." एकदा मात्र म्हणाले, "वहिनी, कमल म्हणायची, एक दिवस खुर्चीवर बसा. ती तुम्हालाही म्हणाली असेल. मी नाही बसलो. आणि या पोरीला मात्र मी एक संध्याकाळ बसू दिलं. दोन्ही चुकलं." मी तांब्याभर पाणी दिलं.

आषाढात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सकाळचे नऊ-साडेनऊ असतील. सुनंदानं भिंतीवरून हाक मारली आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना रिक्षात बसवलं. रस्ताभर ती त्यांची पाठ धरून होती, पण तोंडातून शब्द नाही. दवाखान्यात चाकाची खुर्ची मिळाली. त्यावर त्यांना बसवलं आणि नाव लिहायच्या खिडकीपाशी नेलं. शर्टाच्या खिशात दोन्ही पेन तसेच होते. श्वास लागत होता. चेहरा राखेसारखा.

खिडकीतला माणूस मान खाली घालून लिहीत होता. "पेशंट का नाम?" सुनंदानं सांगितलं. "उम्र?" सांगितलं. "साथ में कौन है?"

"मैं. सुनंदा महाजन."

"क्या लगती हैं?"

सुनंदा थांबली. मी तिच्याकडे पाहत होते. तिचे डोळे भरून आले होते. चार महिन्यांनी तिनं सासऱ्यांकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "बेटी. बेटी हूँ."

म्हटलं, सुटली बाई गाठ. खिडकीतल्या माणसानं लिहून टाकलं, बेटी.

बाबूंचा हात वर आला. "नहीं," ते म्हणाले. "काटो. बहू लिखो."

सुनंदाचा चेहरा असा झाला, मला पाहवला नाही. मी रागावलेच. "अहो बाबू, राहू द्या ना! पोरगी मनापासून म्हणतेय. इथे तरी लाल पेन काढू नका."

"वहिनी, तुम्हाला कळत नाही," ते म्हणाले. एकेक शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. "मी आता घरी येत नाही. या कागदावरून माझा मृत्यूचा दाखला बनेल. तो दाखला तिच्या फाइलीत लागेल. अर्ज बहूचा आहे. राजूच्या बायकोचा हक्क आहे. याच्यात बेटी निघाली तर ते विचारतील, ही कोण? परत फाइल खाली येईल." मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "तू माझी कोण आहेस ते मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

खिडकीतला माणूस म्हणाला, "दादाजी, क्या फरक पड़ता है? अंदर जाइए, डॉक्टर साहब बैठे हैं."

"पड़ता है," बाबू म्हणाले. खुर्चीचं चाक त्यांनी हातानं धरून ठेवलं होतं. मागचा वॉर्डबॉय ढकलत होता, ती हलेना. "पहले काटो."

त्यानं सुस्कारा टाकून खोडलं, वर बहू लिहिलं.

"काटे पे छोटी सही करो."

त्यानं सही केली.

"सुनंदा," बाबू म्हणाले, "वाच."

तिनं खिडकीत वाकून वाचलं. आवाज फुटत नव्हता, तरी वाचलं. पेशंटचं नाव, वय, पत्ता लालबाग. मग थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "साथ में, सुनंदा महाजन. बहू. बरोबर आहे, मामा."

बाबूंनी मान हलवली. मग चाकावरचा हात काढला आणि मागच्या माणसाला म्हणाले, "चलो."